बांधणी

वांडेगेयाच्या उतारावर माझं दुकान.
एक दाबयंत्र, एक झेरॉक्स, डिंकाची बरणी.
वर टेकडीवर विद्यापीठ.
तिथून माणसं खाली येतात
डोळ्यांत चार वर्षांची झोप
आणि छातीशी धरलेला गठ्ठा घेऊन.

उद्या सकाळी द्यायचाय, म्हणतात. सगळेच.
'उद्या सकाळी' हा एकच सिद्धान्त
जो सगळ्या शाखांना मान्य आहे.

मी वाचत नाही. मी पानं मोजते.
पण मोजताना डोळे थोडेच मिटून घेता येतात?
केळीच्या खोडातून वाहणारा पिवळा रोग.
बोडा-बोडावाल्यांची भिशी, आणि ती नेमकी कोण बुडवतं.
वटवाघळं झाडावरून किती वाजता उठतात,
चारशे संध्याकाळी उभं राहून मोजलेलं.
गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं नसतं,
त्याचे एकशे बारा नमुने.
आणि एका समीकरणाची उकल, जी अठ्ठावीस पानांतच संपली.
तो पोरगा ओशाळून म्हणाला, एवढंच आहे.
मी म्हटलं, मग कण्यावर नाव मावणार नाही, बाबा,
पण पैसेही कमी होतील.

दर पानामागे सारखा.
माशाला वेगळा नाही, विधवेला वेगळा नाही.

मासा आणला होता आचेंगने.
तळं आटलं की चिखलात बीळ करून
स्वतःच्याच बुळबुळीचा कोष पांघरून
महिनोन्महिने हवा ओढत पडून राहणारा.
आमच्या कुळाचा तो. देवक म्हणा.
आम्ही त्याला खात नाही,
मग त्याचं पोट चिरलेलं चित्र
मी उलटं करून ठेवलं, एवढंच.

विधवा आणल्या होत्या तुमवेबाझेने.
नवरा गेल्यावर जमीन कुणाची,
बेचाळीस बायकांना विचारून.
नावं नाहीत, फक्त क्रमांक.

आणि लाइट गेले.
अंधारात कुणाचं कोपर लागलं ते अजून ठरलेलं नाही.
दोन्ही गठ्ठे खाली, पंखा बंद व्हायच्या आतच
पानं गल्लीपर्यंत.

मेणबत्ती लावून तिघं फरशीवर बसलो.
पृष्ठक्रमांक दोघांचेही एकपासूनच सुरू,
अक्षर तेच, समास तेच, टेकडीचा नियम.
ती म्हणायची, हे तुझं, ह्यात दुःख आहे.
तो म्हणायचा, नाही, हे तुझं, हे दुःख मिलिलिटरमध्ये आहे.

मग तो गप्प झाला. तिच्या हातातलं पान वाचत.
आभार: आपोलोत आजींचे,
ज्यांच्या निळ्या होडीशिवाय, पत्र्याच्या ठिगळासकट,
आम्ही त्या लव्हाळ्यात शिरूच शकलो नसतो.

त्याने गुडघ्याखालचं एक पान ओढून काढलं.
क्रमांक चौदा म्हणाली:
घर दिराने घेतलं, शेत दिराने घेतलं,
होडी घेतली नाही, तिला ठिगळ होतं म्हणून.

कोणता महिना, आचेंगने विचारलं.
फेब्रुवारी.
मी मार्चमध्ये.
मला ती काही बोलली नाही यातलं.
मला तिने मासा दाखवला नाही.

बराच वेळ कुणी पान उचललं नाही.
बाहेर टपरीवर चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट तळत होतं,
त्याला लाइट लागत नाहीत.
मी तीन मागवले. पैसे बिलात धरले नाहीत.

रात्री दीडला सगळं लागलं,
एक पान सोडून.
त्याला क्रमांक नव्हता. हाताने काढलेला नकाशा:
लव्हाळं, ओला चिखल, एक आंब्याचं झाड,
आणि झाडाखाली एक चौकोन,
घर असेल, किंवा बीळ, प्रमाण दिलेलं नव्हतं.

माझं आहे, दोघं म्हणाले,
मग दोघंही, नक्की नाही.

झेरॉक्स काढू, मी म्हटलं, लाइट आले की.
तोवर ते टेबलावर राहिलं,
डिंकाच्या बरणीखाली,
वाऱ्याने कोपरा उचलला की
तिघांपैकी कुणीतरी बोट ठेवत होतं.